आत दुमडलेली झालर

“हात वर कर. अगं, वर म्हणजे आभाळाला लावायला नाही सांगितलं. जरासंच,” अहिल्या म्हणाली.

रुचिताने हात जरासे खाली घेतले, पण जिभेला विश्रांती नव्हती. “काकी, झालर मोठी पायजे. गिरकी घेतली का गरागरा फिरली पायजे. आन खिसा पायजे.”

“फ्रॉकला खिसा कशाला गं?”

“मामाच्या लग्नात बत्ताशे वाटतील. ते कुठं ठेवू?”

अहिल्या हसली आणि तिने टेप पोरीच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सोडली. हसू तिथेच आटले. गेल्या दिवाळीत याच पोरीचा शाळेचा गणवेश शिवला होता, तेव्हा टेप जिथे थांबली होती तिथेच ती आजही थांबली. तिने वर पाहिले. रुचिताची आई जानी मुद्दामच बाजाराकडे तोंड करून उभी होती.

पालघर जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षे झाली होती, पण उधव्याचा बाजार होता तसाच होता. त्या बाजारात चिमणशेठच्या किराणा दुकानाला लागून जी ओटी आहे, तिच्यावर अहिल्या मशीन घेऊन बसायची. नवरा गेल्यापासून ही मशीनच तिचे घर चालवत होती. पाड्यापाड्यांवरच्या पोरींचे फ्रॉक तिच्या हातचे. त्यांची ख्याती घेराची नव्हती, दाबाची होती. फ्रॉकच्या खालच्या कडेला ती वीतभर कापड आत दुमडून कच्च्या टाक्यांनी तुरपून ठेवायची. पोर वाढली की टाके उसवायचे, दुमड खाली सोडायची, फ्रॉक पुन्हा मापाचा. “अहिल्याचा फ्रॉक पोरीला हळद लागेपर्यंत पुरतो,” असे बायका चेष्टेने म्हणत. दाब ठेव असे तिला कुणी सांगत नसे. पाण्याला ओले हो म्हणून कोण सांगतो?

जानीने पिशवीतून कापड काढले. तलासरीहून आणलेला कटपीस, गर्द जांभळा, त्यावर बारीक पांढरी फुले. “एवढंच उरलं होतं त्याच्याकडं. ह्याच रंगासाठी पोरगी हटून बसली. भागंल ना?”

“भागवते. तू लग्नाचं बघ,” अहिल्या म्हणाली.

मायलेकी गेल्या तसा चिमणशेठ दुकानातून डोकावला. मनाने वाईट नव्हता बिचारा, फक्त तोंडाला झाकण नव्हते. “अहिल्याबेन, ती पोरगी सिकलवाली ना, रक्ताच्या आजाराची? सेलवासच्या दवाखान्यात सारखी भरती असते. मोठी होनार नाय वाटते ती. माझ्या साळ्याची पोरगी पन अशीच होती.”

“तुम्ही तुमची तूरडाळ निवडा,” अहिल्या खेकसली. “खडे फार निघतात त्यात.”

चिमणशेठ आत वळला, पण बोललेले काही परत जात नाही. दुपारी कापड पाटावर अंथरले तेव्हा ते शब्द अहिल्याच्या कानात होतेच. तिने कापड असे फिरवून पाहिले, तसे फिरवून पाहिले. दाब ठेवला तर झालर होत नव्हती आणि झालर केली तर दाबाला कापड उरत नव्हते. गिरकीचे सांगतानाचा पोरीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. उद्याचे कुणी पाहिलेय, आज तरी मिरवू दे लेकराला, असे तिच्या मनाने घेतले आणि तिने सगळे कापड झालरीला कापले.

पुढच्या बाजारी फ्रॉक तयार होता. रुचिताने तो अंगावरच्या कपड्यांवरच चढवला आणि ओटीवर गिरकी घेतली. चुणीदार झालर अशी फुलली की भाजीवाल्या बायकाही वजन करायच्या थांबल्या. खिशात हात घालून पोरीने तो किती खोल आहे ते पाहिले. अहिल्याचे डोळे भरून आले. आपण केले ते बरोबरच केले, असे तिला मनापासून वाटले.

जानीही हसत होती. हसता हसता तिने वाकून झालरीची कड उलटी केली. इथल्या सगळ्याच आया तसे करतात, फ्रॉक हातात आला की आधी आत किती आहे ते बघतात. आत बोटभर मुडपण होती, बाकी काही नाही. तिने शिवण चाचपली, मग मागची बाजू उलटून पाहिली.

“काकी, दाब?”

“कापड कमी पडलं गं,” अहिल्या म्हणाली. “झालरीतच गेलं सगळं.”

“मंग झालर नव्हती करायची.”

“हौस होती तिची. म्हटलं...”

“सगळ्यांच्या पोरींना ठेवतीस,” जानी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे अहिल्याला तो जास्त लागला. “काकड्याच्या पोरीला ठेवलास, बारकीच्या दोघींना ठेवलास. माझ्याच पोरीला नाय. माझी वाढायची नाय, असंच तू धरलंस ना?”

जानी बोलली ते अक्षरशः खरे होते.

“दवाखान्यात सगळे तसंच बघतात तिच्याकडं,” जानी म्हणाली. “नणंदा बघतात, शेजारीन बघते. तू तरी नको ना बघू, काकी.”

अहिल्याने पोरीला जवळ घेतले, फ्रॉक काढून घेतला आणि कात्री उचलली. शरमेने तिला मान वर करवेना. चुण्या उसवून तिने झालर घेरापासून सोडवली, पट्टी सपाट करून घेराला खालून जोडली आणि सगळीच्या सगळी आत दुमडली. मग मशीन बाजूला सारून ती हाताने तुरपाई करत बसली. कच्चे टाके, ओढले की निघतील असे. जानी समोर बसून एकेक टाका बघत होती.

रुचिताचा ओठ थरथरायला लागला. “माझी झालर कुठं गेली?”

“आत हाय,” जानीने तिचा हात धरून दुमडीवरून फिरवला. “बघ, लागते का हाताला? तू वाढलीस का बाहेर येनार.”

“कवा?”

“वाढ, मंग सांगते.”

रडावे की नाही याचा पोरीने थोडा विचार केला. तेवढ्यात अहिल्याने डब्यातली पांढरी लेस काढून गळ्याला लावली आणि रडणे टळले. लाहूमामाच्या लग्नात रुचिता तोच साधा फ्रॉक घालून मिरवली म्हणे, आणि येईल त्याला कड उलटी करून आतली झालर दाखवत सुटली होती.

त्या गोष्टीवर दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जानी बाजारात दिसेनाशी झाली. पोरगी पुन्हा सेलवासला आहे, एवढे चिमणशेठकडून कळले. पुढचे विचारायचा अहिल्याला धीर झाला नाही आणि, नवल म्हणजे, चिमणशेठनेही आपणहून काही सांगितले नाही. येईल त्या प्रत्येक फ्रॉकला अहिल्या हल्ली बोटभर जास्तच दाब ठेवत होती.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा तोंडावर आली तेव्हा एका बाजारी जानी ओटीसमोर येऊन उभी राहिली. एकटीच होती. अंगाने वाळली होती. तिने पिशवीतून जांभळा फ्रॉक काढून पुढे केला. फ्रॉक घ्यायला अहिल्याचा हात पुढे होईना.

“घे ना,” जानी म्हणाली. “जत्रेला हाच पायजे म्हनते. आखूड होतो आता. उसव.”

“कोण म्हणते?” अहिल्याने कसेबसे विचारले.

जानीने हनुवटीने शेजारच्या दुकानाकडे दाखवले. तिथे एक किडमिडीत पोरगी चिमणशेठशी चिंचेच्या गोळ्यांवरून हुज्जत घालत होती, आणि शेठ हरत होता. अहिल्या खाली बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. जानीलाही पुसायचे होते.

टाके ओढले तसे निघाले. अहिल्याने दुमड खाली सोडून इस्त्री फिरवली आणि थांबली. वरचा फ्रॉक उन्हाने आणि धुण्याने पार विटला होता, पांढरी फुले दिसेनाशी झाली होती. खालचा पट्टा मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखा गर्द होता. जुन्या-नव्याची रेघ लांबूनही दिसली असती.

“जत्रेत लोक बघतील,” ती म्हणाली. “डब्यात लेस आहे. रेघेवरून लावून देते, झाकून जाईल.”

जानीने त्या गर्द पट्ट्यावर बोटे आडवी ठेवून पाहिली. चार बोटे भरून पट्टा वर उरत होता.

“नको काकी,” ती म्हणाली. “दिसू दे. एवढी वाढली माझी पोर.”

अहिल्याने लेस डब्यात परत ठेवली. रुचिताने फ्रॉक तिथेच चढवला, चिंचेच्या गोळ्या खिशात टाकल्या आणि ती आईचा हात सोडून पुढे पळाली. जीपच्या नाक्यापर्यंत तो जांभळा पट्टा गर्दीतून दिसत राहिला.