दाराजवळचा बाक

मी चर्चमधला शेवटचा बाक बोलतोय. लाकडाला वाचा कुठून फुटली, असं विचारू नका. माझ्यावर नुसतं टेकून बघा, मी बोलल्याशिवाय राहत नाही.

सुताराने ओलसर फळ्या ठोकून मला बनवलं. फळ्या वाळल्या, सांधे सैल झाले आणि करकरण्याची खोड जडली ती जडलीच. बाकीचे बाक कसे मुके, शहाणे! मी नेमका मौन प्रार्थनेत ओरडायचो. त्यात सगळं चर्च ज्यांना वहिनी म्हणायचं, त्यांचे यजमान माझ्यावर बसून मुद्दाम डोलायचे. या यजमानांची धाकटी बहीण ऑर्गन वाजवायची; ती तिथून डोळे वटारायची आणि हे साळसूदपणे छताकडे बघायचे. काय मजा यायची म्हणून सांगू!

मग बसचा अपघात झाला आणि ते गेले. वहिनी त्यांच्या शेजारच्याच सीटवर होत्या. त्या वाचल्या. पुढच्याच रविवारी त्यांची ही बहीण, ऑर्गनवाल्या बाई, म्हणाल्या, "हे धूड आधी बाहेर काढा." माझी रवानगी व्हरांड्यात झाली.

वहिनी कपडे शिवायच्या, आणि गायकवृंदातला सगळ्यात मोकळा गळा त्यांचाच. पण आता ड्रमवर जोराचा ठोका पडला की अपघाताचा दणका आठवून दचकून बाहेर धावायच्या आणि माझ्यावर येऊन रडायच्या. त्या हुंदके द्यायच्या, मी करकरायचो. आमची जोडी झकास जमली.

लोक समजूत घालायला यायचे. "ते देवाघरी सुखात आहेत. आनंद करा." माणसांची गंमत बघा, दुसरा रडू लागला की घाई यांनाच सुटते. पाणी देतील, रुमाल देतील, उपदेश तर पोतंभर देतील. घटकाभर शेजारी बसा म्हटलं की चपला शोधू लागतात.

एके रविवारी आत पाळकसाहेबांचा उपदेश रंगला असताना बाई बाहेर आल्या.

"वहिनी, किती दिवस असं? लोक म्हणतील, हिचा देवावर विश्वासच उरला नाही."

"विश्वास नसता तर त्याच्या दारात येऊन रडले असते का गं?" वहिनी म्हणाल्या. "येशूला ठाऊक होतं, आपला मेलेला मित्र आपल्याच हाकेने आत्ता कबरेतून उठणार. तरी आधी रडलाच ना तो? मग मलाच घाई का करता? माझ्या रडण्याला इथे जागा नसेल तर उद्यापासून नाही यायची मी."

बाई ठणकावून काही सांगायला म्हणून माझ्यावर बसल्या आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. बाईंनी तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते रडूच.

"हा आवाज आला की वाटायचं, दादाच आलाय. म्हणून काढलं गं याला बाहेर!"

वहिनींनी त्यांना जवळ घेतलं. दोघींचं रडणं आतपर्यंत गेलं. पाळकसाहेब बाहेर आले आणि पायरीवर बसले. मागोमाग एकेक जण येऊन बसला. त्या दिवशी उपदेश अर्धाच राहिला. कुणाचीही तक्रार नाही!

आता मी पुन्हा आत आहे, दाराजवळ. मोठ्या ठोक्याआधी ड्रमवाला काठी उंचावून वहिनींकडे बघतो. वाटलं तर त्या मान हलवतात, नाहीतर जरा बाहेर जाऊन येतात. कुणी मान वळवत नाही. त्या पुन्हा गातात. मध्येच गाणं अडलं तर बाई तोच सूर धरून थांबतात. ज्याचं मन भरून आलंय तो माझ्यावर येऊन बसतो आणि शेजारी कुणीतरी गुपचूप सरकतं.

मध्यंतरी सुतार हातोडी घेऊन आला होता. दोघी एकदमच ओरडल्या, "अहो, हात लावू नका त्याला!" माझंही तेवढंच मागणं आहे. माझे सांधे आवळू नका.

परवा मौन प्रार्थनेत वहिनींनी मला मुद्दाम डोलवलं. बाईंनी ऑर्गनवरून डोळे वटारले. वहिनी साळसूदपणे छताकडे बघू लागल्या. मग बाईंनाच हसू फुटलं आणि प्रार्थना संपेपर्यंत ते काही आवरेना.