एकाच आईच्या मुंग्या

सुईणबाईच्या दारात सकाळपासून माणूस मावत नव्हतं. भिंतीच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची रांग निघून उंबऱ्यावर आली होती. तीनच दिवसांपूर्वी वारूळबाबा चेल्याला घर बघायला आत पाठवून, उंबऱ्यावर मंतरलेलं पाणी शिंपडून बोलून गेले होते, "बाळाचा घात जिच्या हातून झाला, तिच्या उंबऱ्यावर मुंग्या येतील."

शिंप्याचं बाळ जन्मताच गेलं, त्याला महिना झाला होता. शिंपी सर्वांत पुढे उभा होता. काही बोलत नव्हता, म्हणून बाईला त्याचीच जास्त भीती वाटत होती. चाळीस वर्षं तिनं या गल्लीतली पोरं हातावर झेलली. आज तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"अशा मुंग्या या गल्लीत कुणी पाहिल्यात?" गर्दीतून पुढे आलेल्या बाबांची टकळी सुरू झाली. "मुंग्या नव्हेत या, बाळाचा शाप आहे. आठ दिवसांत हिनं घर सोडावं. नाहीतर शाप घरोघर फिरेल, पाळणे शोधत."

दोन बायांनी लेकरं पदराखाली ओढली.

"शापाला पत्ता कुणी दिला, बाबा?" बाईच्या भाचीनं विचारलं. ती कॉलेजात किडे-मुंग्यांचा अभ्यास करायची.

"चार बुकं शिकलीस पोरी, जीभ तेवढी वाढली."

गर्दी पांगल्यावर भाचीनं मावशीच्या हाती भिंग दिलं. "गल्लीतल्या काळ्या मुंगीच्या कमरेला एक गाठ. हिच्या कमरेला बघ, दोन. जातच वेगळी. बाबा एवढं खरं बोलला, ही इथली नाही."

"मग कुठली गं?"

"तेच शोधायचंय."

दुसऱ्या दिवशी ती खाली मान घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला बाबांच्या मठात गेली. तिथल्या ओल्या कुंडीखाली तशाच मुंग्या होत्या. पण तोंडवळा जुळला म्हणजे घर एकच, असं नसतं. तिनं दोन्हीकडच्या मुंग्या वेगवेगळ्या बाटल्यांत भरून डीएनए तपासणीला पाठवल्या.

ते दिवस बाईनं कडी लावून काढले. दूधवाला यायचा थांबला. दारावर दगड पडले. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "जा बाई कुठंतरी, जीव तरी वाचेल."

आठव्या दिवशी माणसं काठ्या घेऊन आली, पुढे बाबा. भाचीनं सर्वांदेखत फट उकरली. आतून ओल्या मातीचा, भोकं पाडलेला डबा निघाला.

"घर बघायच्या निमित्तानं बाबांचा चेला एकटाच आत आला होता, तेव्हाचा हा डबा," ती म्हणाली. "आणि उंबऱ्याला हात लावा. मंतरलेलं पाणी अजून चिकट आहे. साखरेचं होतं."

"मुंगी कुठूनही येते," बाबा पुटपुटले.

"हा तपासणीचा कागद. इथल्या आणि तुमच्या कुंडीखालच्या मुंग्या सख्ख्या बहिणी आहेत, एकाच राणीच्या लेकी. एवढं शहर ओलांडून त्या चालत आल्या नाहीत."

शिंप्याच्या तोंडून महिन्यात पहिल्यांदा शब्द फुटला. "मग माझं बाळ कशानं गेलं?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाली. "बाळ आडवं होतं. दवाखान्यात न्या म्हणून मी तुझ्या पाया पडले होते."

"बाबा म्हणाले, थांबा. अंगारा लावतो," शिंपी म्हणाला.

मग शिंपी हळूहळू बाबांकडे वळला, आणि त्याच्यामागे सगळ्या काठ्या वळल्या.

सुईणबाई मधे जाऊन उभी राहिली. "याला पोलिसांत द्या. आज विचार न करता याच्यावर हात टाकाल, तर उद्या दुसरा कुणी जिच्याकडे बोट दाखवील तिच्यावरही टाकाल. मघाशी याच काठ्या माझ्यासाठी होत्या. आधी तपासा, लेकरांनो. विचारा. माणूस मेल्यावर खरं कळून काय उपयोग?"