अडीच दिवसांचं मौन

ब्राह्मीच्या गोळ्या मी मार्चपासून घेतोय. सकाळी भिजवलेले अक्रोड, दुपारी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, डावाआधी कडू चॉकलेट आणि डाव्या नाकपुडीने अकरा श्वास. बुद्धिबळ खेळतोस की बाळंतकाढे घेतोस, असं कोणी विचारलं असतं तर मी उखडलो असतो. पण विचारणार कोण? नागपूर सोडून इथे कानडी मुलखात, सर्जापूर रोडला येऊन तीन वर्षं झाली, आणि चौदाव्या मजल्यावर माझ्याशी बोलते ती फक्त लिफ्ट.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. आमच्या ऑफिसचा बुद्धिबळाचा संघ आहे, चौघांचा. सामन्यांना चौघं एकाच गाडीतून जातात, हरले तरी येताना डोसा खातात आणि एकमेकांच्या चुका काढून खिदळतात. त्यातली एक जागा रिकामी झाली. कप्तान सुखदा म्हणाली, "उपेंद्र, रेटिंग सोळाशे कर आणि ये." मला रेटिंगचं काडीचं कौतुक नव्हतं. मला त्या गाडीत बसायचं होतं.

जे. पी. नगरमधल्या स्पर्धेत रविवारी शेवटचा डाव जिंकला की सोळाशे पार होणार होते. त्यासाठी मी सगळ्यात जालीम उपाय केला होता. एका व्हिडिओत सांगितलं होतं, बोलण्यात डोक्याची ताकद वाया जाते; स्पर्धेत मौन पाळा. शुक्रवारी रजा टाकली, फोन बंद केला आणि तोंडही. दोन्ही फार सोपं गेलं.

समोर भीमाचार्य होते. सत्तरी उलटलेले, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. "काय अण्णा, आराम?" त्यांनी कानडी हेलाच्या मराठीत विचारलं. मी नुसता हात मिळवला.

तीन तासांनी माझा एक हत्ती जास्त होता. डाव खिशात होता. चाल माझी होती, तेवढ्यात माझं लक्ष माझ्या वजिराकडे गेलं. तो घराच्या रेघेवर तिरका उभा होता, आणि मला तिरकं मोहरं सहन होत नाही. नियम साधा आहे: ज्या मोहऱ्याला हात लागेल तेच हलवायचं. नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी "अ‍ॅडजस्ट" म्हणायचं. एवढा एक शब्द मौनात चालेल, असं मी ठरवलं. ओठ हलवले आणि बोटं वजिराला लावली.

घशातून आवाजच फुटला नाही. अडीच दिवस न वापरलेला घसा, नुसती हवा आली.

भीमाचार्यांनी मान वर केली. "वजीर हलवा, अण्णा."

पंच रम्या आली. मी "अ‍ॅडजस्ट" म्हणालो होतो का, असं तिने इंग्रजीत विचारलं. खोटं बोलता आलं असतं. मी नकारार्थी मान हलवली. वजीर तिथून हलला की राजाच्या पाठीशी कोणी उरत नव्हतं. दोन चालींत मात झाली.

"स्वल्प बसा की," भीमाचार्य म्हणाले. "डाव तुमचाच होता. परत मांडून बघूया." डाव संपल्यावर तो दोघांनी मिळून पुन्हा मांडून बघायची खेळाडूंची रीतच आहे. मी हातानेच नको म्हटलं आणि बाहेर आलो. गाडी गेली होती, डोसा गेला होता. रडू येत होतं.

फोन चालू केला. "सॉरी, दोन दिवस रेंज नव्हती," हे वाक्य मी आधीच तयार ठेवलं होतं. एकही कॉल नव्हता. एकच मेसेज होता, औषधाच्या दुकानाचा: तुमच्या ब्राह्मीच्या गोळ्या संपत आल्या असतील.

अडीच दिवस मी गप्प होतो, हे कुणाला कळलंसुद्धा नव्हतं. मी तसाच मागे फिरलो. मला भीमाचार्यांशी बोलायचं होतं, कशावरही.

हॉलमध्ये खुर्च्या आवरणं चाललं होतं. "आचार्य गेले, त्यांची बस होती," रम्याने सांगितलं. आमच्या पटावर मात्र मोहरी परत मांडलेली होती, माझ्या चुकीच्या आधी होती तशीच. वजीरही जागेवर होता, तितकाच तिरका.

मी खुर्चीत बसलो.

"अ‍ॅडजस्ट," मी म्हणालो. आवाज चांगला मोठा आला. मी वजीर सरळ केला. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं.