देवीची वाटी

सिंधूनं पळीतली आमटी तळहातावर घेतली, दाराकडे पाठ केली आणि पटकन चाटली. तिचे डोळे गच्च मिटले. आमटी नुसती खारट नव्हती, तोंडात धरवत नव्हती.

पुढच्या खोलीतून टकटक आवाज येत होता. सासूबाई, भानुमतीबाई, पाटावर लाकडी ठसे मांडत होत्या. या घराण्यात कधीकाळी लुगड्यांवर छपाई चालायची. आता पवनकुमार, सिंधूचा नवरा, फ्लेक्सचे बोर्ड छापतो. पण दसऱ्याच्या आयुधपूजेला पहिला मान अजून त्या ठशांचा. पवनची स्कूटर आणि दुकानातलं मशीन त्यांच्या मागून. टकटक चालू होती तोवर सासूबाई आत येणार नव्हत्या.

नैवेद्य चाखायचा नसतो, हे सिंधू मिरजेहून लग्न होऊन कानडी मुलखातल्या सरस्वतीपुरमच्या या घरात आली त्या दिवसापासून ऐकत होती. म्हणून तिनं चाखण्याआधी देवीची वाटी भरून झाकून ठेवली होती. उष्टं देवीपुढे ठेवण्याचं पाप तरी डोक्यावर नको. बाकीची पापं काय थोडी होती!

भानुमतीबाईंच्या कटाच्या आमटीचं नातेवाइकांत मोठं नाव होतं. कृती म्हणाल तर अगदी साधी. पुरणाच्या डाळीचं पाणी, भाजलेलं खोबरं, धने, दालचिनी, चिंच, गूळ, थोडं पुरण आणि वर कढीपत्त्याची फोडणी. पण मीठ त्यांनी कधी मापून घातलं नाही की चाखून बघितलं नाही. पातेल्यावर वाकायच्या, वाफ नाकात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पडलंय गे, साकु." म्हणजे पुरे. सिंधूला सुरुवातीला ही थापच वाटायची. मिठाला कुठे वास असतो? पण ती आमटी कधी बिघडली नाही आणि सिंधूनं हात टेकले.

मग तो साथीचा ताप आला. सगळ्या घराला आला, सगळे उठून कामाला लागले. भानुमतीबाईंचं काय गेलं ते सिंधूला कळायला मात्र पुढे बरेच दिवस जावे लागले. एका संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा कषाय ठेवला, धने-जिरे-मिऱ्याची पूड, गूळ आणि दूध घालून केलेला. सिंधू बाजारातून परतली तर करपल्याचा वास फाटकापाशीच येत होता. सासूबाई शेगडीपासून हातभर अंतरावर बसून घेवडा निवडत होत्या. त्यांनी उठून तो कषाय गाळला, पेलाभर प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालाय. तुला देऊ?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलणार काय? तुमचं नाक गेलं, आता पळी खाली ठेवा? जी बाई आयुष्यभर पातेल्यावर वाकून घर चालवत आली, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? वास गेला की चवही जाते, आता त्यांना गूळ काय नि मीठ काय सारखंच, असं सिंधूनं मनाशी धरलं आणि ती गप्प बसली. त्या दसऱ्याला वाफेवरून काही कळेना, म्हणून भानुमतीबाईंनी मीठ दोनदा घातलं. सिंधूनं गुपचूप गूळ-पाणी घालून सावरून घेतलं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. एकदा लबाडी पचली की हात सरावतो.

यंदा मात्र गूळ-पाण्यानं भागणार नव्हतं. सिंधूनं तयारी ठेवलीच होती. "कट फार झालाय," म्हणून अर्धा तिनं सकाळीच बाजूला काढला होता. आता तिनं भराभर खोबरं परतलं, चिंच कोळली, नवी आमटी उकळायला ठेवली. खारट पातेलं मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ नेऊन त्यावर घमेलं पालथं घातलं. आपल्याच घरात चोरी करताना हात इतके सफाईनं चालतात, याची तिला लाज वाटली.

पूजा झाली. स्कूटरपुढे दृष्टीचा कोहळा फुटला. पंगत बसली.

"भानक्का," पवनचे मामा मानाजीराव भुरका मारून म्हणाले, "यंदा तर कमालच केलीस बघ! नेहमीपेक्षा भारी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भानुमतीबाई दारात उभ्या राहून हसल्या. आणि वाढता वाढता सिंधूला बरं वाटलं. नेहमीपेक्षा भारी! ती सगळी तिच्या हातची होती. हे बरं वाटणं मनात आलं आणि तिचं तिलाच इतकं ओशाळवाणं झालं, की तिनं मानाजीरावांच्या पानात न मागता आणखी दोन पळ्या ओतल्या.

तेवढ्यात भाग्या बोलली. भाग्या म्हणजे सिंधूची नणंद. हूटगळ्ळीला तिचं नवं घर बांधून झालं होतं.

"अम्मा, ऐक. कार्तिकात माझा गृहप्रवेश. बाकी सगळं केटररला सांगितलंय. पण कटाची आमटी तूच करायची. सासरचे सगळे येतात. त्यांना दाखवायचंय मला, माझी अम्मा काय चीज आहे ते."

"अय्यो, एवढ्या लोकांची?"

"त्यात काय? वैनी इकडं घर बघतील. तुला मी आदल्या दिवशीच घेऊन जाते."

भानुमतीबाईंनी सिंधूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सिंधूनं नजर पळीत घातली. आता बोल, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. पण तिनं पुढच्या पानात आमटी वाढली.

"येते," भानुमतीबाई म्हणाल्या.

सिंधूला पुढचं सगळं दिसलं. आपण झाकलं म्हणून ही बाई आता परक्या मांडवात, लेकीच्या सासरच्या माणसांपुढे, सगळ्या गावाला खारट आमटी वाढणार. आपण त्यांची अब्रू वाचवत नव्हतो, पुढच्या मोठ्या फजितीसाठी ती राखून ठेवत होतो.

मंडळी पांगली. पवन स्कूटरवरून मामांना विजयनगरला सोडायला गेला, भाग्या हूटगळ्ळीची बस पकडायला निघाली. मागे दोघी उरल्या. या घरात नैवेद्याचं पान रांधणारीनं खायचं, तेही सगळ्यांच्या मागून, अशी रीत होती. भानुमतीबाई देवीपुढचं केळीचं पान घेऊन भिंतीशी बसल्या. भातात आळं करून त्यांनी वाटीतली आमटी ओतली.

सिंधू स्वतःचं पान मांडत होती.

"पाणी दे गे."

तिनं दिलं.

"अजून."

लोटा पुढे करता करता सिंधू थबकली. देवीची वाटी. ती तर आधी काढलेली, पहिल्या पातेल्यातली. आणि गेल्या दसऱ्याची? त्याच्या मागची? तीही सावरायच्या आधीच काढलेली. दर वर्षी उष्ट्याच्या पापाला भिऊन तिनं देवीला न चाखलेलं वाढलं, आणि दर वर्षी ते पान कुणापुढे येतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. भानुमतीबाई घास गिळत होत्या. गिळला की पाणी पीत होत्या.

"आई, राहू द्या ती वाटी."

"का?"

"खारट आहे."

"ठाव हाय मला." त्यांनी पुढचा घास कालवला. "वास गेला, मीठ नाही गेलं. मीठ फार कळतं. पहिल्या वर्षी असंच पान घेऊन बसले. सगळे नुकतेच म्हणून गेलेले, भानक्का, काय आमटी! नि माझ्या तोंडात सगळं मीठच मीठ. तेव्हाच समजलं, सिंधूनं सांभाळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का बोलली नाहीस?"

"तुम्हाला लागेल म्हणून," सिंधू म्हणाली.

"लागलं की. रोजच्या वरणात मीठ कमी-जास्त झालं तर सांगायचीस, भांडायचीस पण. हे तेवढं लपवलंस. माझ्या माघारी, चोरून." त्यांचा आवाज वर चढला नव्हता. "आज भाग्यानं सगळ्यांच्या समोर विचारलं. नाही म्हणायला मला तोंड होत नव्हतं गे. वाटलं, सिंधू म्हणेल. आईंना आता होत नाही म्हणेल. तुझ्याकडं बघत होते मी."

"मी पाहिलं, आई." सिंधूनं लोटा त्यांच्या पानाशी ठेवला. "चुकलं माझं. आणि मामांनी वाखाणलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. तेही चुकलं."

"ते कसलं चुकतंय? चांगली झाली असेल. थोडी वाढ मला, बघू."

सिंधूनं पातेलं तिरपं केलं. तळाशी कढीपत्त्याची दोन पानं चिकटली होती. पंगतीनं सगळं संपवलं होतं.

ती उठली, मागच्या अंगणात गेली. घमेलं बाजूला करून खारट पातेलं उचलून आत आणलं आणि आपल्या भातावर त्यातली आमटी वाढून घेतली.

"बेड गे, बेड! नको. सुम्ने, उगीच कशाला खातेस ते?"

सिंधूनं घास घेतला आणि गिळला. भानुमतीबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हूटगळ्ळीला तू पण चल. नैवेद्याचं आधी काढून ठेवू. मग तू चाखायचं. माझ्यासमोर उभं राहून."

"हो."

"यातलं खोबरं भाजलंय का नीट?"

"खमंग भाजलंय."

"धने?"

"मस्त वास येतोय, आई. तुमचा नेहमीचा."

भानुमतीबाईंची पानावरची बोटं तशीच राहिली.

"नि मीठ?"

सिंधूनं वर पाहिलं. "मीठ फार झालंय, आई."

त्यांनी मान हलवली आणि आपला पाण्याचा लोटा तिच्या पानाकडे सरकवला.