शिळ्या सणाची मासळी

मिलकाबाई पेणकरांनी शिंगाळा खाल्ला आणि वर बोटं चाटली! ठाण्याच्या बेने इस्राएल घरातली सत्तरीची बाई, धर्माने वर्ज्य म्हणून जन्मात कधी बिनखवल्याच्या मासळीला शिवली नव्हती. बरं, खाल्लं ते खाल्लं, दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन विचारलं, "सगुणा, कालचा मासा काय फक्कड होता गं! कुठला?"

सगुणा कोळणीने डाव्या पाटीकडे पाहिलं आणि विषय बदलला. तीस वर्षांपूर्वी मिलकाबाईंसाठीच तिने रीत घातली होती: खवल्यांची मासळी उजव्या पाटीत, बिनखवल्यांची डाव्या. पण आदल्या दिवशी तिचा गुडघा धरला होता आणि पाट्यांवर नवी सून बसली होती. वर्षाली डोंबिवलीच्या माळकरी घरातली. लग्नाआधी तिने साधं सुकटसुद्धा पाहिलं नव्हतं, तिला कसली उजवी अन् कसली डावी!

आठ दिवस सगुणाला जेवण गोड लागेना. शेवटी दार फाळणीच्या सणाला ती लंगडत मिलकाबाईंचा जिना चढली. वर्षभराच्या पापांची देवाकडे माफी मागायचा हा उपास. जुन्या काळी त्या दिवशी दारं लावून घ्यायचे, म्हणून हे नाव. तो सुरू व्हायला तासभर उरला होता.

"मिलकाबाय, तो शिंगाला होता. सुनेनी चुकून डाव्या पाटीतला सोलून, तुकडे करून दिला. माफ करा."

"अगं बाई! आणि हे आज सांगतेस? तीस वर्षं तुझ्याकडून डोळे मिटून मासळी घेतली गं मी!" म्हणत मिलकाबाईंनी दार धाडकन लावलं. सण बरोब्बर साजरा झाला म्हणायचा!

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये वर बायकांच्यात त्या पांढरी साडी नेसून बसल्या. पोट रिकामं आणि डोकं तापलेलं. दुपारी योनाची कथा वाचायला घेतली. दरवर्षीचीच. देवाने योनाला निनवे शहराला दम द्यायला धाडलं, तो पळाला, माशाने गिळला, माशाने ओकला. मग मुकाट गेला. निनवेच्या लोकांना पश्चात्ताप झाला, देवाने सगळ्यांना माफ केलं आणि योनाचाच पारा चढला! गावाबाहेर फुरंगटून बसला. तेव्हा देव त्याला विचारतो, अरे, ज्यांना आपला उजवा हात कुठला नि डावा कुठला हेही कळत नाही, अशी लाखावर माणसं आहेत इथे. मी त्यांची कीव करू नको?

मिलकाबाई दचकल्या. उजवा नि डावा! म्हणजे वर्षाली निनवेची झाली की. आणि गावाबाहेर फुगून बसलेला तो खडूस कोण? त्यांना खुदकन हसू आलं, शेजारणीने कोपराने ढोसलं. मग मात्र डोळे भरून आले. सकाळपासून छाती बडवत माफी मागतेय मी, आणि माझ्या दारी माफी मागायला आलेलीला हाकललं! त्यांना फार लाज वाटली.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, माणसांना भेटायचा. मिलकाबाई सकाळीच बाजारात हजर. सगुणा आणि वर्षाली दोघी पाट्यांवर बसल्या होत्या. उजवी पाटी कुठली हे चुकू नये म्हणून वर्षालीच्या उजव्या मनगटाला हिरवा दोरा बांधलेला.

"सगुणा, माझं चुकलं बाई. तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलंही नसतं. तरी तसला गुडघा घेऊन आलीस, आणि मी दार लावलं."

मिलकाबाईंनी योनाची कथाही सांगून टाकली. सगुणाने पदराने नाक पुसलं. "जाऊ द्या वो. पन मला सांगा, तुमच्या योनाला गिलला तो मासा कंच्या पाटीतला?"

"ते काही लिहिलेलं नाही गं!" मिलकाबाई हसल्या. "वर्षाली, मासळी घाल."

वर्षालीचा चेहरा पडला. "आई देतील ना. माझ्याकडून परत चुकलं तर?"

"नको, तूच दे."

मिलकाबाईंनी पिशवी पुढे धरली आणि डोळे मिटून घेतले.