बावन्न गोळ्यांची बरणी

डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच मनात एक दुकान उभं करा. इतकं अरुंद, की आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने दारातूनच बोलावं. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ, कारण ती सगळी दुरुस्तीला आलेली. टेबलावर वाकलेला दिवा. दिव्याखाली एक माणूस, एका डोळ्याला भिंग लावलेला, हातात केसाएवढ्या टोकाचा चिमटा. त्याच्या मागच्या फळीवर काचेच्या छोट्या बरण्या. प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी आणि पट्टीवर दोनच गोष्टी: आत काय आहे आणि किती आहे. ‘काटे, लहान – ६०’. ‘स्क्रू, बारीक – २१४’.

आता त्याच्या शेजारी स्टुलावर एक मुलगी बसवा. वय वर्षं नऊ. तुटके पट्टे, रिकाम्या डब्या, रंगीत कागद, जे हाती लागेल ते ती खारीसारखी साठवायची, म्हणून बाबा तिला खारूटली म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

दुकानाच्या वर त्यांचं घर. आई ग्रंथालयात कामाला. तिघांचं बरं चाललं होतं. मग शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका एका सकाळी गिऱ्हाईकाला चष्मा घालता घालता काउंटरवरच कोसळले. बाबांच्याच वयाचे, सेहेचाळीस. वाचले ते, पण दवाखान्यातून आले तेव्हा सदऱ्याच्या आत माणूस आहे की नाही असं वाटावं इतके उतरले होते.

त्या दिवसापासून बाबा घाबरले. मोठी माणसं घाबरली की ती रडत नाहीत, काहीतरी विकत आणतात. बाबा औषधाच्या दुकानात गेले आणि खारूटलीला बरोबर नेलं. तिथे त्यांनी अर्धा तास काढला. एकेक बाटली उचलायची, भिंग लावून बारीक अक्षरं वाचायची, खाली ठेवायची. दुकानदार शेवटी म्हणाला, “साहेब, घड्याळ नाहीये ते, उघडून बघता येणार नाही.” बाबा हसले नाहीत. त्यांनी चार गोष्टी निवडल्या आणि वर्षभर पुरतील इतक्या मागितल्या. दुकानदार प्रत्येकीबद्दल काहीतरी सांगत होता, बाबा मान डोलावत होते, आणि खारूटली वजनकाट्यावर चढून-उतरून बघत होती.

घरी आल्यावर बाबांनी नेहमीसारखंच केलं. सगळी खोकी फोडली, पाकिटांतून गोळ्या काढल्या, बरण्यांत ओतल्या, पट्ट्या चिकटवल्या आणि खोकी टाकून दिली. हृदय. डोळे. हाडं. स्मरण. मग सात खणांची एक डबी काढली, एका वाराला एक खण, आणि म्हणाले, “ही डबी दर रविवारी तू भरायची. हृदय, डोळे आणि स्मरण, रोज एकेक. आणि ही हाडांची जी आहे ना…”

तेवढ्यात खाली दुकानाची घंटी वाजली. गिऱ्हाईक होतं. बाबा उतरले, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

खारूटलीने प्रत्येक खणात चारही बरण्यांतली एकेक गोळी टाकली. तिला वाटलं, हाडं तर रोजच लागतात.

बाबा रोज सकाळी त्या दिवसाचा खण तळहातावर उपडा करायचे, चारही गोळ्या तोंडात टाकायचे आणि पाणी प्यायचे. भिंग तोपर्यंत डोळ्यावर चढलेलं असायचं. लेकीने भरलंय म्हणजे बरोबरच असणार, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यांनी कधी खाली पाहिलंच नाही.

चौथ्या आठवड्यात त्यांची तहान वाढली. तांब्या संपला की दुसरा तांब्या. मग सारखं लघवीला जाणं. पाचव्या आठवड्यात जेवण जाईना, पोट साफ होईना, सकाळी मळमळायचं. आई म्हणाली, उन्हाळा आहे. बाबा म्हणाले, वय आहे. आणि मग ते विसरायला लागले. आईला विचारलं, आज लवकर येणार का, आणि तिने हो म्हटल्यावर पायात चप्पल घालेपर्यंत पुन्हा विचारलं. एका बाईंचं घड्याळ त्यांनी आतलं एक चाक न बसवताच बंद करून दिलं. ती बाई परत आली आणि तिने घड्याळ त्यांच्या कानाशी धरलं. बाबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते खारूटलीने स्टुलावरून पाहिलं. एवढं भ्यालेलं माणूस तिने आधी पाहिलं नव्हतं.

“स्मरणाची गोळी घेता ना रोज?” आईने गमतीत विचारलं.

सातव्या रविवारी खारूटली डबी भरायला बसली. तिने हाडांची बरणी उचलली आणि ती हलकी लागली. हलवली तर आत गोळ्या खुळखुळल्या. बाकीच्या तीन बरण्या अजून गच्च होत्या. तिने गोळ्या ताटलीत ओतून मोजल्या. दहा.

मग तिने पट्टी वाचली. हाडं – ५२. दुसरी पट्टी वाचली. डोळे – ३६०. तिसरी, ३६०. चौथी, ३६०.

बाबांनी सगळं एक वर्षाचं आणलं होतं. तिला ते नीट आठवत होतं. मग एकाच बरणीत एवढ्या कमी का? तुम्ही शाळेत शिकला आहात, तीही शिकली होती. वर्षात आठवडे किती? तिने तोंडातल्या तोंडात म्हटलं, बावन्न. बरणी रिकामी व्हायला वर्ष लागायचं होतं. सहा आठवड्यांत बेचाळीस गोळ्या बाबांच्या पोटात गेल्या होत्या, आणि त्या तिने आपल्या हाताने घातल्या होत्या.

इथे थांबून तिच्यावर रागवू नका. तिने धावत जाऊन का नाही सांगितलं, असं तुम्हाला वाटेल. पण तिच्या जागी उभे राहून बघा. बाबांना जे काय होतंय ते माझ्यामुळे, हे वाक्य ती मनात दहादा म्हणून पाहत होती आणि दर वेळी ‘माझ्यामुळे’पाशी अडत होती. तिने ठरवलं, आपण गुपचूप दुरुस्त करू. त्या आठवड्याच्या डबीत तिने हाडांची एकही गोळी टाकली नाही. आता बाबा बरे होतील, आणि कुणाला कळणारही नाही.

सोमवारी बाबांनी खण उपडा केला, गोळ्या गिळल्या आणि मग थबकले. तळहाताला चार गोळ्यांची सवय झाली होती. मंगळवारी त्यांनी भिंग वर सरकवून नीट पाहिलं. तीन.

“हाडांची कुठे गेली?” ते स्वतःशीच पुटपुटले. “मीच काढून घेतली असेल. की कालपण नव्हती?” ही आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मग त्यांनी बरणी उघडली. “काल राहिली असेल,” म्हणाले, आणि दोन गोळ्या घेतल्या.

खारूटली दारात दप्तर घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या गिळल्या.

बुधवारी शाळेला जाण्याआधी तिने हाडांची बरणी उचलली आणि आपल्या खेळण्यांच्या खोक्यात, तळाशी, कापडाच्या चिंध्यांखाली ठेवली. आता तर घेताच येणार नाहीत, असं तिला वाटलं. दिवसभर शाळेत तिचं लक्ष नव्हतं. बाईंनी दोनदा हाक मारली.

दुपारी ती घरी आली तेव्हा दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. वर गेली तर बाबा स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले. कपाटातल्या सगळ्या वस्तू खाली काढलेल्या. डबे, ताटं, झाऱ्या, सगळं. आई कामावरून धावत आलेली, अजून पर्स खांद्यालाच.

“चार बरण्या होत्या,” बाबा म्हणत होते. केसाएवढे स्क्रू बसवणारे त्यांचे हात पुन्हा पुन्हा तेच डबे उघडत होते. “मी चार भरल्या होत्या ना गं? की तीनच होत्या? मला खरं सांग. मला आता कशाचीच खात्री नाही.”

आई त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. खारूटलीला घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून तिलाही घेतलं.

डॉक्टरीणबाईंची खोली थंड होती. टेबलावर काच, काचेखाली कसले तरी तक्ते. बाबा खुर्चीवर पुढे झुकून बसले होते, जसं गिऱ्हाईक आपलं एकुलतं एक घड्याळ दुरुस्तीला देताना बसतं. आईने सगळं सांगितलं. तहान, मळमळ, विसरणं, आणि ते घड्याळ. शेवटी बरणीचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. मग त्यांनी विचारलं, “काही औषधं चालू आहेत?”

“औषध काहीच नाही,” बाबा म्हणाले. “नुसती जीवनसत्त्वं. सगळेच घेतात.”

“कोणती?”

बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. हृदय म्हणाले, डोळे म्हणाले, स्मरण म्हणाले. मग थांबले. त्यांना चौथ्या बरणीचं नाव घ्यायची भीती वाटत होती, कारण ती बरणी खरंच होती की नाही हेच त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी लिहायला घेतली आणि हलक्या आवाजात आईला सांगितलं की डोक्याचा फोटो काढून घेऊ, मेंदूत काही आहे का ते बघायला हवं. बाबांनी ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली.

खारूटली भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “हाडांची पण आहे. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. मी रोज घातली.”

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बोलावलं. किती दिवस, असं विचारलं. सहा आठवडे, बेचाळीस गोळ्या, ती म्हणाली. रंग कसा? गोळी कशी दिसते? तिने सांगितलं, पिवळी, मऊ, पारदर्शक, दाबली की आत काहीतरी हलतं. डॉक्टरीणबाईंनी लिहीत असलेली चिठ्ठी बाजूला सारली आणि नवी घेतली.

“रक्त तपासू. आत्ताच,” त्या आईला म्हणाल्या. “हे जीवनसत्त्व अंगात साठून राहतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि मग तहान, उलट्या, विसरणं, हे सगळं होऊ शकतं. तसं निघालं तर आज इथेच भरती करून सलाईन लावावं लागेल. ते उतरतं, पण वेळ लागतो.” मग त्या बाबांकडे वळल्या. “शेवटची कधी घेतलीत?”

“काल. दोन,” बाबा म्हणाले.

“दोन का?”

“आदल्या दिवशी घ्यायची विसरलो होतो, म्हणून. आणि आज बरणीच सापडेना. बाई, गोळ्यांचं मला कळलं. पण बरणी कुठे ठेवली हे मला आठवत नाही. अख्खी बरणी.” ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. “ते कॅल्शियमने होतं का हो? की ते वेगळं आहे?”

डॉक्टरीणबाईंनी मघाशी बाजूला सारलेली चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली. आईने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता.

खारूटलीला वाटलं होतं की सांगायचं ते सांगून झालं. बेचाळीसचं कबूल करताना जीव जाईल असं वाटलं होतं, आणि तो गेला नव्हता. आता हे दुसरं. गोळ्या तिने चुकून घातल्या होत्या, त्यात बाबांचं वाक्यही अर्धं राहिलं होतं. पण बरणी तिने चुकून लपवली नव्हती. हे न सांगताही बाबांचं रक्त तपासलं जाणार होतं, सलाईन लागणार होतं. कुणी तिला विचारतही नव्हतं.

बाबा आपल्या हातांकडे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

ती त्यांच्या खुर्चीपाशी गेली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते आपल्याकडे बघेपर्यंत थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही विसरला नाहीत. चारच बरण्या होत्या. चौथी मी लपवली.”