मनातलं ओळखणारा वजनकाटा

मी मालवणच्या धक्क्यावरचा वजनकाटा बोलतोय. एकोणीसशे अठ्ठावन्न साली मुंबईहून बोटीने आलो. मालकाने माझ्या कपाळावर रंगवून घेतलं, ‘मनातले ओळखणारे यंत्र’. दहा नये पैसे टाका, वजन बघा, भविष्याची चिठ्ठी घ्या. खरं सांगू? पोटात छापील चिठ्ठ्यांची चवड होती. सर्वांत खालची असेल ती पडायची. पण लोक हात जोडायचे, मग मीही फुगलो.

एकदा भिकाजी आला. मागे ट्रंक घेऊन बायको यशोदा. कढीत मीठ कमी, असं तो चारचौघांत बोलला, म्हणून पंधरा दिवस अबोला! आता ती कायमची भावाकडे मुंबईला निघाली होती. भिकाजीचा चेहरा पार उतरला होता.

देवळात कौल लावतात तसा तो माझ्यावर चढला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालू लागला, “बा देवा म्हाराजा, बायल माझी मुंबयक चलली. धाडू काय ठेवू, ता सांग रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” हमाल एका सुरात ओरडले.

चिठ्ठी पडली, ‘प्रवास लाभदायक ठरेल.’

“देवान कौल दिल्यान. जा गो!” भिकाजीने झटकन ट्रंक उचलली. यशोदेचे डोळे भरले. मला काय कळणार? मला फार तर तिचे पौंड कळले असते, तेही ती चढली असती तर.

शेजारी खाजं विकणारी जानकी कडाडली, “अरे मेल्या, तिका जावचा नाय! जाणारा माणूस ट्रंकेचा कुलूप चार येळा तपासता? तू थांब म्हणशीत म्हणान उभी आसा ती!”

भिकाजी चाचरला. “गो, घरात भाकरी कोण भाजतलो?”

जानकीने कपाळावर हात मारला. बोटीने भोंगा दिला.

“यशोदे,” ट्रंक खाली ठेवून तो कसाबसा म्हणाला, “तुझ्याबगर घर माका खावक उठता.”

यशोदा ट्रंकेवर बसली आणि रडता रडता हसली. “ह्या सांगूक तुमका काट्यार चढाचा लागला?”

बोट तिच्याशिवाय गेली. मला आनंद झाला, आणि जानकीचा हेवाही वाटला.

आता मी गंजलोय, धक्क्याच्या गोदामात पडून आहे. कपाळावरची अक्षरं तेवढी शाबूत, निर्लज्ज मेली! बाबांनो, वजन विचारा, शप्पथ खरं सांगेन. मनातलं मात्र ज्याचं त्यालाच विचारा, बोट सुटायच्या आत.